डावीकडचा शॉकअप

सविता पडली ती इनामगावच्या अलीकडच्या वळणावर. सकाळची वेळ होती, ऊन अजून चढलं नव्हतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उसाच्या ट्रॉल्यांनी हिवाळाभर त्या वळणावर डांबरात चाकोऱ्या पाडून ठेवल्या होत्या. मोटारसायकलचं पुढचं चाक चाकोरीत उतरलं, मागच्या चाकानं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं अंग टाकलं आणि दोन्ही बाजूंच्या दुधाच्या कॅनसकट गाडी आडवी झाली. एका कॅनचं झाकण उडालं. दूध उताराला लागलं आणि धुळीत मिसळून चहाच्या रंगाचं झालं. सविता बाजूला उभी राहून ते वाहणं बघत राहिली.

कांद्याच्या गोण्या भरलेली पिकअप मागून आली आणि थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं गाडी उभी करून दिली.

"ताई, लागलं का कुठं?"

"न्हाई."

"आवो, गुडघ्यातनं रगत येतंय की."

सवितानं खाली पाहिलं. सलवार गुडघ्यावर फाटली होती आणि आतून रक्त पोटरीपर्यंत आलं होतं. "व्हय, लागलंय," ती म्हणाली. शेजारणीच्या गुडघ्याबद्दल बोलावं तशी. मग तिनं उरलेल्या कॅनचं झाकण घट्ट केलं, किक मारली आणि न्हावऱ्याच्या डेअरीत जाऊन जेवढं होतं तेवढं दूध घालून आली.

तिचा नवरा ईश्वर थंडीत गेला. उसाला पाणी धरायला म्हणून गेला, बांधावर टेकला आणि तिथंच आडवा झाला. गाडी करून शिरूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून सविता रडली नव्हती. दहाव्याला नदीवर बाया तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. तिनं प्रयत्नही करून पाहिला. पण दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच ओठ आपला वाटेनासा होतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. भाकरी खाल्ली तर खाल्ली, नाही तर नाही. मुलगी अनुपमा शाळेतून आली की तिच्या वेण्या घालायच्या, अभ्यासाला बसवायचं, हे हात आपोआप करत. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची. आपणहून काही बोलायची नाही.

दुधाची फेरी मात्र तिनं धरून ठेवली. ईश्वर रोज सकाळी घोडनदीच्या कडेच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून न्हावऱ्यात आणायचा. महिनाभर फेरी बंद राहिली असती तर दुसऱ्या कुणीतरी ती घेतली असती. केडगावला माहेरी असताना ती स्कूटी चालवायची, आणि गिअरची गाडी ईश्वरनंच तिला कधीतरी पाणंदीत शिकवली होती, हौस म्हणून. तेराव्यानंतर काही दिवसांनी तिनं गाडी काढली. सासूनं, बयाबाईनं, ती काढताना पाहिलं. नको म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. एका घरात राहून दोघी एकमेकींच्या कडेकडेनं वावरत होत्या.

पडल्याचं सवितानं घरात सांगितलं नाही. ते कळलं रविवारी, मोनिका आल्यावर.

मोनिका ईश्वरची धाकटी बहीण. सविता लग्न होऊन आली तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. आता रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होती, शिरूरला मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. कंपनी मोटारसायकलचे शॉकअप बनवायची आणि मोनिका ते तपासायच्या मशीनवर होती. पूर्वी दर रविवारी यायची. भाऊ गेल्यापासून ओव्हरटाइम आहे म्हणून सांगायची आणि टाळायची.

त्या दिवशी एसटीतून उतरून ती दारात आली, अंगणातल्या गाडीकडं नजर गेली आणि पिशवी खांद्यावरच ठेवून थांबली. पाय ठेवायची पट्टी वाकली होती, आरसा फुटला होता.

"वैनी, कवा पडला?"

"मंगळवारी."

"बघू गुडघा."

सवितानं दाखवला. खपली धरली होती, पण कडेनं पू होता. मोनिकानं गरम पाणी मागितलं, जखम धुतली. धुताना तिनं दोनदा मान वर करून वहिनीकडं पाहिलं. दुखतंय असं काही त्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"गाडी पडली कशी पर?"

"काय म्हाईत. मागनं हालली."

मोनिका उठली. गाडीचं सीट तिनं दोन्ही हातांनी दाबलं आणि सोडलं. मागची बाजू जेमतेम हलली. पुढचा ब्रेक धरून हँडल दाबलं तर पुढचं तोंड भसकन खाली गेलं. पुढच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ होता, त्याला धूळ चिकटून काळा थर झाला होता. मग ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली. आधी डाव्या बाजूला, मग उठून उजव्या बाजूला, मग पुन्हा डाव्या बाजूला.

"ही गाडी दादाच्या वजनावर लावलेली हाय," ती म्हणाली. "दादा केवढा, तुमी केवढ्या. मागची स्प्रिंग इतकी आवळलेली हाय की तुमच्या वजनानं दबतच न्हाई. मग खड्ड्यात गेली की चाक उडनारच. आन् पुढचं तर गळतंय." तिनं स्प्रिंग आवळायच्या खाचांवर बोट ठेवलं. "आन् दोन्ही बाजू सारख्या न्हाईत. डावीकडचा शॉकअप पार शेवटच्या खाचंवर आवळलाय, उजवीकडचा ढिला हाय."

बयाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "त्योच करायचा ते. डावीकडं मोठा कॅन आसायचा न्हवं का. म्हनायचा, आई, डावीकडं जड पडतंय, तिकडचा आवळला की सरळ चालती."

"चुकीचं हाय ते," मोनिका म्हणाली. "जोडी सारखीच लागती. एक आवळला आन् एक ढिला ठिवला तर मागचं चाक पिळतं. आमच्याकडं कुनी आसं केलं तर सुपरवायजर ओरडंल. दादाचं चुकलं."

बयाबाईचा हात थांबला.

"गेलेल्या मानसाच्या चुका काढाय आलीस व्हय रविवारची?"

"आई, मी गाडीचं बोलतीय."

"गाडीचं कशाला बोलतीस? इतकी वर्सं चालवली त्यानं ती गाडी. कवा पडला न्हाई."

मोनिकाचे डोळे भरले होते आणि ते दिसू नयेत म्हणून ती पुन्हा चाकाशी वाकली. सविता खांबाला टेकून उभी होती. चुकलं, हा शब्द तिच्या कानात राहिला होता. ईश्वर गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस त्याचे गुण सांगत होता. कसा कष्टाळू, कसा शब्दाला पक्का, कसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. सविता मान हलवत होती. ते सगळं खरंही होतं. पण ज्या माणसाबरोबर ती राहिली होती तो घोरायचा, एकदा नाही म्हणाला की नाहीच म्हणायचा, आणि रागावला की दोन दोन दिवस जेवताना बोलायचा नाही. त्या माणसाचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

"त्यांनी दवाखान्यात जायला पायजे व्हतं," सविता म्हणाली.

आवाज चढला नव्हता. पाणी भरायचं राहिलंय, असं सांगावं तसं ती बोलली. दोघींनी तिच्याकडं पाहिलं.

"आठवडाभर छातीत जळजळतंय म्हनत व्हते. मी म्हनलं, शिरूरला जाऊन दाखवू. म्हनले, पित्त हाय. रोज गोळी खायचे पित्ताची. त्या दिवशीबी म्हनलं, आज पानी ऱ्हाऊ द्या, जाऊन येऊ. म्हनले, लाईट आत्ताच हाय, मग मिळायची न्हाई. त्यांचं चुकलं."

बयाबाईनं लसणाचं ताट खाली ठेवलं आणि ती उठून आत गेली. आतून भांड्याचा एकही आवाज आला नाही. मोनिकानं नाक ओढलं, हात ओढणीला पुसले.

"मला सांगितलं न्हाई कवा," ती म्हणाली.

"कुनी इचारलंच न्हाई."

मग मोनिकानं पिशवीतून टेप काढला. शॉकअपची खाच फिरवायचा पाना गाडीच्याच सीटखाली होता, ईश्वरचा. तिनं आधी उजवी आणि डावी दोन्ही बाजू मोकळ्या करून एकसारख्या खाचेवर आणल्या, मधल्याच्या जरा खाली. पाना कुरकुरत फिरत होता. दोन्ही कॅन तिनं पाण्यानं भरून लटकवले.

"आता तुमी बसायचं आन् दोन्ही पाय वर घ्यायचे. मी मागं टेप लावून बघनार किती दबतीय ते. रिकामी गाडी आन् तुमी बसल्यावरची गाडी, ह्यात दोन बोटांचा फरक पायजे. कमी पडला तर आजून ढिली करायची, जास्त झाला तर आवळायची." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "पर पुढनं हँडल धरायला कुनीतरी लागतंय."

कुणी नव्हतं. अनुपमा मैत्रिणीकडं खेळायला गेली होती. शेजारच्या भामाबाईला हाक मारावी का, असं मोनिका पुटपुटत होती, तेवढ्यात बयाबाई बाहेर आली. डोळे लाल होते. पदर तिनं कमरेला खोचला होता. ती सरळ गाडीच्या पुढं गेली, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हातांनी हँडल पकडलं.

"बस," ती सुनेला म्हणाली.

सविता बसली, पाय वर घेतले. सासूचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर होता. इतक्या जवळून दोघींनी एकमेकींना थंडीपासून पाहिलं नव्हतं. बयाबाईच्या हनुवटीवरचं हिरवं गोंदण आकसून बारीक झालं होतं. कॅनमधलं पाणी हिंदकळत होतं. बयाबाईनं दात आवळून गाडी तोलून धरली होती, आणि मागून मोनिका म्हणत होती, हलू नका, हलू नका, आता उतरा, आता परत बसा.

दोन-तीनदा खाच मागं-पुढं केल्यावर मोनिकाचं समाधान झालं. मग तिनं वहिनीला कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायला सांगितलं. सविता जाऊन आली.

"काय वाटलं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी? मागनं उडती का? वळताना कुठं वढती का?"

"न्हाई कळत."

मोनिकानं एक खाच बदलली. सविता पुन्हा जाऊन आली. पुन्हा तेच. मोनिकाचा घाम निथळत होता, पण आवाज तिनं चढू दिला नाही.

"वैनी, आमच्या कंपनीत मशीन सांगतं. हितं मशीन न्हाई. बसनाऱ्यानंच सांगायचं असतं. रस्त्याकडं बघू नका. बूड, हात, पाय, कुठं काय लागतंय तेवढंच बघा. चांगलं-वाईट ऱ्हाऊ द्या."

सविता तिसऱ्यांदा निघाली. कालव्याच्या रस्त्यावर खडी उघडी पडली होती. ती मोनिकानं सांगितलं तसं बघत राहिली. बूड. काही नाही. पाय. काही नाही. पुलाच्या अलीकडं गतिरोधक होता, त्यावरून चाक आपटलं आणि तळहातांत काहीतरी झणझणत गेलं. ते मनगटापर्यंत आलं, कोपरापर्यंत आलं आणि तिथं थांबलं. ती पुलावर गाडी उभी करून हाताकडं बघत राहिली. अंगठ्याच्या बुडाशी कातडी लाल झाली होती, घट्टे पडायला आले होते. हे कधीपासून असं होतं, तिला सांगता आलं नसतं.

परत आल्यावर ती म्हणाली, "हाताला मुंग्या येत्यात."

"दोन्ही?"

"दोन्ही. आन् हितं जळतंय." तिनं तळहात पुढं केले.

मोनिकानं ते हात धरले आणि सोडलेच नाहीत. "ते पुढच्या शॉकअपचं हाय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. ती भावाच्या गाडीला टेकून, वहिनीचे हात धरून रडली. सविता रडली नाही. पण हात काढूनही घेतले नाहीत. बयाबाई चाकाशी ठेवलेला पाना उचलून उगीचच पदरानं पुसत राहिली.

पुढच्या शॉकअपचं काम शिरूरला झालं. मोनिकानं ओळखीच्या गॅरेजात गाडी लावली, सील बदलून घेतले, नवं तेल भरलं, आणि सगळा वेळ तिथं उभी राहून मेकॅनिकला नको नको करून सोडलं. गाडी परत आली तेव्हा सविता ती घेऊन पहाटेच्या फेरीला गेली. मागचं चाक रस्त्याला धरून चाललं. दूध सांडलं नाही. तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. वस्तीवरच्या गीताबाईनं विचारलं, गाडी नीट केली का गं, आवाज येईना खडखड. सविता म्हणाली, व्हय, नणंदेनं केली. एवढं बोलून ती पुढच्या घरी गेली. संध्याकाळी हातांना तेल लावावं असं मात्र तिला आपणहून सुचलं.

उन्हाळा सरत आला तेव्हा बयाबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. न्हावऱ्यातल्या डॉक्टरनं तिला केडगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. एसटीनं जायचं तर चौफुल्याला उतरून पुढं रिक्षा, आणि बयाबाईला एसटीत मळमळायचं. ती पडवीत चप्पल घालून बसली होती. म्हणाली, "तू न्हेशील का?"

ईश्वर गेल्यावर ती त्या गाडीवर बसली नव्हती.

सवितानं कॅनच्या कड्या काढल्या. मग सीटखालून पाना काढला आणि दोन्ही शॉकअप एकेक खाच आवळले, आधी डावा, मग उजवा. दोघींच्या वजनाला तेवढं लागेल, असा तिचा अंदाज होता. बयाबाई बघत होती. मग एका अंगावर बसली, एक हात सीटच्या कडीला आणि एक सुनेच्या खांद्यावर.

पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी कमी झालं होतं, कडेचा चिखल तडकून गेला होता. बयाबाईचा हात खांद्यावर जड होता आणि घामानं गरम होता. पुलाच्या सांध्यांवरून गाडी जाताना तो हात दर वेळी जरा आवळायचा आणि ढिला व्हायचा. सविताला ते कळत होतं.

डॉक्टरनं थेंब दिले, मोतीबिंदू अजून पिकायचाय म्हणाला. बाहेर ऊन रटरटत होतं. स्टेशनच्या रस्त्याला एक रसवंती होती, तिथं दोघी बाकावर बसल्या. सवितानं ग्लास तोंडाला लावला आणि बर्फाच्या गारव्यानं तिची दाढ ठणकली. तिनं गाल धरला.

"काय झालं?"

"दाढ. लई गार हाय."

"हळू पी मग." बयाबाईनं आपला ग्लास खाली ठेवला. थेंबांनी तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळं ती नक्की कुठं बघतेय ते कळत नव्हतं. "एक इचारू का? मी सांगितलं असतं त्याला दवाखान्याचं, तर गेला असता का त्यो?"

सवितानं विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं.

"न्हाई, आत्या," ती म्हणाली. "तुमचंबी ऐकलं नसतं."

"न्हाईच ऐकलं असतं," बयाबाई म्हणाली. "ल्हानपनापासनं तसाच. ताप आला तरी सांगायचा न्हाई." मग ती ईश्वरच्या बापाबद्दल बोलायला लागली, त्याचाही हेकटपणा कसा होता, आणि बोलता बोलता तिनं सगळा रस संपवला.

परतताना ऊन कलतं झालं होतं. पूल ओलांडून गाडी बरीच पुढं आल्यावर बयाबाईनं मागून खांद्यावर बोटं वाजवली.

"जरा हळू घे. हितं कुठंतरी आमची मेंढरं बसायची. मी ल्हान व्हते तवा. बापासंगं यायची. आक्खा माळ व्हता ह्यो, ऊस कुठं व्हता तवा."

"कुठं?" सविता म्हणाली.

"थांबव की, दावते."

सवितानं गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली. बयाबाई उतरली, कमरेवर हात ठेवून तिनं उसाच्या पलीकडं नजर टाकली. तिला नीट दिसत नव्हतं, तरी ती हातवारे करून सांगत होती. तिकडं मेंढरांभोवती जाळ्याची वाघर लावायचो, हितं चूल मांडायची, ते बाभळीचं झाड होतं तिथं एकदा लांडगा आला होता.

"मग काय केलं?" सवितानं विचारलं.

"काय करतीय, वरडले," बयाबाई म्हणाली, आणि तो लांडगा केवढा होता ते सांगायला लागली. सविता सीटला टेकून ऐकत राहिली.